घंटेनंतरची दहा मिनिटं

माझा आवाज तीन वर्गांपलीकडे ऐकू जातो असं मुलं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. सोळा वर्षं मी जुन्नर तालुक्यातल्या सिस्टरांच्या शाळेत फिजिक्स शिकवते आहे आणि सोळा वर्षं चिडते आहे. खाडाखोड केलेली वही दिसली की माझं डोकं फिरतं. एकदा एकीची वही मी सरळ खिडकीबाहेर भिरकावली होती. ती जाऊन पडली मारियामाउलीच्या दगडी गुहेपाशी, झेंडूच्या हारांमध्ये. मुख्याध्यापिका सिस्टरांनी ती स्वतः उचलून आणली, पदराने पुसावी तशी आपल्या झग्याने पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी मला लाज वाटली. सवय मात्र सुटली नाही.

आमच्याकडे ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी बागायतदारांची, माळकऱ्यांची, डोंगराकडच्या भातकऱ्यांची आणि मेंढरं राखणाऱ्यांची. सकाळच्या प्रार्थनेला सगळी सारख्याच भक्तीने डोळे मिटतात आणि सारख्याच भक्तीने एकमेकांना चिमटे काढतात. सिस्टरांच्या शाळेत शिस्त असते म्हणून लोक मुलं पाठवतात. आम्हीही शिस्त लावत होतो. आधी कच्च्या वहीत सोडवायचं, तपासायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. पक्क्या वहीत काट मारली की पान पुन्हा लिहायचं.

आणि या शिस्तीला जोडून आमच्या शाळेत एक लाड होता. शाळा सुरू करणाऱ्या केरळच्या म्हाताऱ्या सिस्टरांनी त्याचा पायंडा पाडलेला. त्या म्हणायच्या, वाड्यावस्त्यांवरची मुलं, त्यात एकदम इंग्रजीत पडलेली. उत्तर यांच्या डोक्यात असतं, हाताला वेळ लागतो. म्हणून आमच्या प्रत्येक परीक्षेत घंटा वाजली की पेन खाली ठेवायचं नाही. घंटेनंतर दहा मिनिटं पक्कं करायला. बोटं मोडा, घोटभर पाणी प्या आणि शांतपणे उतरवून काढा. म्हाताऱ्या सिस्टर गेल्या, ही दहा मिनिटं राहिली. हल्ली बोर्डानेही पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये टेबलं वाजवली होती. बोर्डाला जे आता सुचलं ते आम्ही केव्हापासून करत आलो होतो.

ती मुलगी पाचवीत आमच्या होस्टेलला आली. आंबेगाव तालुक्यातल्या लोणीची. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे मेंढ्यांना मोकळी जागा. दिवाळी झाली की आईवडील मेंढ्या घेऊन निघायचे, शेताशेतांतून मुक्काम करत घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. म्हणजे वर्षातले सहासात महिने तिच्या घराला कुलूप. तिला कायमचं छप्पर आणि कायमचा दिवा मिळाला तो होस्टेलमध्येच.

अकरावीत टॉर्क शिकवताना मी विचारलं, रोजच्या जगण्यातलं उदाहरण सांगा. पोरांनी दाराची कडी, पाना, स्टेअरिंग असली पुस्तकातली उदाहरणं फेकली. ही उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मेंढी अडली आन कोकराचा पाय दुमडलेला असला, तर वढायचं नस्तं. आधी मागं लोटायचं, मग फिरवायचं." वर्ग फिदीफिदी हसला. मी हसले नाही. तासानंतर मी तिला थांबवून घेतलं आणि पुढे काय करायचंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, जनावरांचा डॉक्टर व्हायचंय.

"का गं?"

"आमच्याकडं डॉक्टर येत न्हाई लवकर. आला तरी मेंढीला हात लावताना तोंड वाकडं करतोय."

जनावरांच्या डॉक्टरलाही नीटचीच परीक्षा द्यावी लागते हे तिला मीच सांगितलं. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी एखाद्या मुलीवर इतकी मेहनत घेतली नव्हती. केमिस्ट्रीचे सर आणि बायोलॉजीच्या मॅडम यांना मी जवळजवळ वेठीला धरलं. दोन वर्षं शाळा सुटल्यावर होस्टेलच्या जेवणघरात, डाळीच्या वासात, आमचा तास चालायचा. मी ओढून ओढून शिकवायची, ओरडायची, "अगं बाई, चिन्ह कुठं गेलं, मेंढीनं खाल्लं का?" ती हसायची आणि चिन्ह दुरुस्त करायची. माझ्या ओरडण्याला न भिणारी ती पहिली मुलगी.

ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढून मी तिचे सराव पेपर घ्यायचे. एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकाला चार गोल, बरोबर असेल तो काळ्या पेनाने भरायचा. गोल एकदा भरला की खोडता येत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने ते तिच्या रीतीने मनावर घेतलं. प्रश्नपुस्तिकेत पेन्सिलीसारख्या हलक्या हाताने खुणा करत ती सगळा पेपर सोडवायची, पुन्हा तपासायची, आणि घंटा वाजली की शीट पुढे ओढून गोल भरायला घ्यायची. दहा मिनिटांत एकशे ऐंशी गोल. एकही रेषेबाहेर नाही. तिची एक शीट मी बारावीच्या वर्गात भिंतीला चिकटवली होती. म्हटलं, बघा, याला म्हणतात काम.

सराव पेपर मी स्वतः घ्यायची. घंटा मी वाजवायची. आणि घंटेनंतर घड्याळाकडे बघत दहा मिनिटं मीच बसून राहायची. एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे घंटेनंतरचं जग आमच्या शाळेपुरतं आहे.

मे महिन्यात पुण्याला सेंटर आलं. आईवडील मेंढ्या घेऊन परतीच्या वाटेवर होते, म्हणून मी तिला घेऊन गेले. आमच्याकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी मुली आपली पेनं चॅपलमध्ये नेऊन ठेवतात, सिस्टर त्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात. तिने तिचं पेन ठेवलं होतं. गेटवर ते काढून घेतलं. आत गेल्यावर त्यांचंच पेन मिळणार होतं. कानातल्या बारीक रिंगा आणि गळ्यातला काळा दोराही मी काढून माझ्या पर्समध्ये टाकला. मी म्हणाले, "घाई करायची नाही. एकही गोल चुकता कामा नये." हे माझे शेवटचे शब्द. दुसरं काहीही बोलता आलं असतं मला.

एका टायरवाल्याच्या पत्र्याखाली मी तीन तास उभी होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मी विचारलं, कसा गेला? "बरा गेला, मॅडम." मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी तिला उसाचा रस पाजला आणि एसटीत बसल्याबसल्या तिच्या हातातली प्रश्नपुस्तिका ओढून घेतली. मंचर येईपर्यंत मी फिजिक्सच्या खुणा तपासल्या होत्या आणि खुशीने तिच्या पाठीत दोन धपाटे घातले होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही तिघं पुस्तिका घेऊन बसलो. ती समोर उभी. आम्ही प्रश्नाचा नंबर म्हणायचो, ती आपलं उत्तर सांगायची, आणि मी पाटीवर मार्क मांडत जायचे. बायोलॉजीच्या नव्वद प्रश्नांत तिचे फक्त सहा चुकले होते. बेरीज आली पाचशे चाळीस. जनावरांच्या डॉक्टरला तेवढे भरपूर होते. बायोलॉजीच्या मॅडमनी तिचा मुका घेतला. सिस्टर धावत आल्या आणि आपल्या मराठीत म्हणाल्या, "देव किती चांगली आहे!" नेहमी मी त्यांची चूक दुरुस्त करते. त्या दिवशी केली नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "निकाल येऊ द्या ना आधी."

"गप गं, भित्री भागूबाई!" मी म्हणाले आणि तिच्यासमोरच तिच्या वडिलांना फोन लावला. मागून मेंढ्यांचा आवाज येत होता. मी ओरडून सांगितलं, "पोरगी डॉक्टर झाली समजा!" ते म्हणाले, "मॅडम, तुमी म्हनताय म्हंजी झालीच." वाटेत भेटेल त्याला, ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतील त्याला, ते सांगत सुटले. पाऊस लागायच्या आठ दिवस आधी घरी परतले आणि पांढरंशुभ्र पागोटं बांधून शाळेत आले. माझ्या हातात त्यांनी घोंगडी ठेवली, घरच्या लोकरीची. मी ती घेतली.

निकाल आला तो दोनशे अडतीस.

मी चवताळले. मशीनने घोळ घातला, दुसऱ्याचीच शीट हिच्या नावावर चढली, मी सोडणार नाही, असं काहीबाही मी शाळाभर बोलत फिरले. फोन लावले, ईमेल लिहिले. सिस्टर म्हणाल्या, जरा थांबा, पण थांबणं माझ्या रक्तात नाही. शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी तिच्या शीटचा फोटो उघडला. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

पहिल्या ओळीपासून गोल भरलेले होते. सुंदर, गोल गरगरीत. फिजिक्स पूर्ण, केमिस्ट्री पूर्ण. सत्त्याण्णवाव्या प्रश्नापर्यंत गोल, आणि त्यापुढे काहीच नाही. पहिले सात प्रश्न सोडले तर सगळी बायोलॉजी, तिचा हातखंडा विषय, कोरी. मी माउस खाली-वर करत राहिले. मला वाटलं पान पूर्ण उघडलं नसेल.

"घंटा झाली, मॅडम," मागून तिचा आवाज आला. "मला वाटलं आता दहा मिन्टं. तिथल्या सरांनी शीट वढली. मी म्हनलं, सर, गोल ऱ्हायल्यात. ते म्हनले, टाइम झाला."

घंटेच्या आधी पाचेक मिनिटं तिचं तपासून झालं होतं, म्हणून तिने लवकर सुरुवात केली होती. तेवढे गोल भरले ते त्या पाच मिनिटांतले.

मला आठवतं, मी आधी तिच्यावरच ओरडले. इतकंही कळत नाही का, शीटवर सूचना लिहिलेल्या असतात, वाचल्या नाहीत का? ती खाली बघत उभी राहिली. ओरडता ओरडता माझाच आवाज मला परका वाटायला लागला, कारण ते सगळं मी कुणाला विचारत होते हे मला कळत होतं. तिला घंटा म्हणजे काय हे मी शिकवलं होतं. मग मी विचारलं, स्टाफरूममध्ये आम्ही बेरजा करत होतो, तेव्हा का नाही बोललीस?

"तुमी लई खूश व्हता."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. शाळेत मला कुणी रडताना पाहिलेलं नाही, तिने पाहिलं. ती पाणी घेऊन आली.

पुन्हा परीक्षा द्यायची तर एक वर्ष बसून अभ्यास करायला हवा होता. बसणार कुठे? बारावी झाली की होस्टेल संपतं. मी सिस्टरांशी भांडले. त्या म्हणाल्या, शाळेत नाव नसलेल्या मुलीला ठेवायला वरून परवानगी नाही, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. लोणीच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागणार. एकटी मुलगी मागे राहणार नाही, आणि पालात, रोज नव्या शेतात, मेंढ्यांच्या मागे चालत फिजिक्स होत नाही.

माझ्या घरात एक खोली रिकामी होती. मुलगा बाहेरगावी शिकायला गेलेला. त्याचं टेबल, त्याचा टेबललॅम्प, पंखा, सगळं तसंच. हे मला त्या ऑफिसातच सुचलं होतं. आठ दिवसांनी ती वडिलांबरोबर दाखला न्यायला आली तेव्हा मी गेटपाशी त्यांना म्हणाले, "ही माझ्याकडे राहू शकेल वर्षभर. मी घरी विचारते आणि फोन करते." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पागोटं बांधलेल्या त्या माणसाने मला वाकून नमस्कार केला. मी म्हणाले, अहो, असं काय करता.

फोन मी केला नाही.

कारणं सांगायची तर ढीगभर आहेत. शाळा सुरू झाली, नवे वर्ग, घरात पाहुणे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. यातलं एकही खरं कारण नाही. खरं कारण हे की ती माझ्या घरी आली असती तर रोज सकाळी माझ्यासमोर चहाला माझी चूक बसली असती. शाळेत ओरडून मी माझी चूक विसरू शकत होते. घरी कुणावर ओरडणार? आज करू, उद्या करू असं म्हणत मी पावसाळा काढला. नंतर नंतर तर तिच्या वडिलांचा नंबर दिसू नये म्हणून मोबाइलमधली यादी भरभर वर सरकवायचे.

त्या वर्षी मी शाळेतली ती दहा मिनिटं बंद करून टाकली. घंटा म्हणजे घंटा. भांडून ठराव करून घेतला. सगळ्यांना वाटलं मॅडम कडक झाल्या. बारावीच्या मुली माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांच्या ताटातलं काही उचललं होतं.

दिवाळीनंतर पिंपरी पेंढारची एक नववीतली मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, आपल्या त्या ताईच्या मेंढ्या आमच्या रानात बसल्यात." रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. वाटेत बोलायची वाक्यं जुळवत होते. परीक्षेचा फॉर्म अजून सुटायचा आहे, अजून सहा महिने हातात आहेत, खोली तयार आहे. आता मला कशाचीच भीती वाटत नव्हती. उशिरा आलेल्या माणसाला असतो तसला उत्साह मला आला होता.

कांदा काढलेल्या मोकळ्या रानात जाळीच्या कुंपणाआड मेंढ्या उभ्या होत्या. ती एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन चाकूने साफ करत होती. मला पाहून उठली, हात धुतले आणि पाया पडली. अंगाने वाळली होती, पण हसली पहिल्यासारखीच. आईने गोणपाट अंथरलं, चुलीवर चहा ठेवला. वडील मेंढ्यांच्या पलीकडे होते, त्यांनी लांबूनच हात वर केला.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आता न्हाई व्हनार, मॅडम."

"का नाही होणार? मी आहे ना!"

"समदं इसरले मी. आन फुडच्या वर्षी बारक्या भैनीला तुमच्या होस्टेलात घालायची हाये. मी इथं लागते ह्यांना." हे तिने शांतपणे सांगितलं. "तुमी वाईट वाटून घिऊ नका. चूक माजीच व्हती."

मी म्हणाले, चूक माझी होती. ती म्हणाली, न्हाई मॅडम. असं आम्ही दोनतीनदा म्हणालो. मग ती उठली आणि मेंढीकडे परत गेली, कारण खूर अर्धाच साफ झाला होता.

आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. त्या बाईच्या बोलण्यात राग असता तर मला सोसला असता. ती आपली घरच्या माणसाला सांगावं तसं सांगत होती. "तिनं दप्तार भरून ठिवलं व्हतं दसऱ्यापातुर. आन ह्यांनी पावसाळाभर फोन घरीच ठिवला बघा. रानात रेंज नसती ना. म्हनायचे, मॅडमचा फोन यील आन मी डोंगरात आसंल, तर पोरीचं नुसकान व्हईल. दोन मेंढ्या वाघरानं नेल्या, तरी सांगावा धाडायला फोन जवळ न्हवता. घरी विचारून सांगते म्हनला व्हता ना तुमी." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "न्हाई म्हनले आसतील घरचे. आमाला कळतं की. आपल्या एकट्याच्या हातात कुटं असतं समदं."

मी मान हलवली. हो, म्हणाले, घरचे नको म्हणाले.

घरी मी कुणाला विचारलंच नव्हतं.